‘बेबी बेंझ’ कशी घडली: मर्सिडीज-बेंझ १९० विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर्सिडीज-बेंझ १९० विषयीची चर्चा बहुतेक वेळा शर्यतींपासून सुरू होते आणि तिथेच संपते. या पानावर शर्यतींनाही जागा दिली आहे, पण मुख्य भर गाडी घडण्याच्या काळावर, म्हणजे साधारण १९७४ ते १९८२ या वर्षांवर आहे. या गाडीचे खरे महत्त्व त्या वर्षांत केलेल्या कामात आहे असे आमचे मत आहे, आणि पुढील उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

१. ‘१९०’ म्हणजे नेमकी कोणती गाडी?

मर्सिडीज गाड्या बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझ कंपनीने ८ डिसेंबर १९८२ रोजी जगासमोर आणलेली चार दरवाजांची सेदान. कंपनीतला तिचा क्रमांक डब्ल्यू २०१. लांबी ४.४२ मीटर, रुंदी १.६८ मीटर, व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर) २.६६५ मीटर आणि रिकाम्या गाडीचे वजन १,१०० किलोच्या आतबाहेर. त्या काळी कंपनीची सर्वांत लहान सेदान असलेली डब्ल्यू १२३ तिच्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ पाव टन जड होती, यावरून हे पाऊल किती मोठे होते याची कल्पना येते. सी-क्लास हे नाव तेव्हा अस्तित्वात नव्हते. ते पुढच्या पिढीबरोबर, १९९३ मध्ये आले.

२. १९० या आकड्याचा अर्थ १.९ लिटरचे इंजिन असा आहे का?

नाही. सुरुवातीच्या दोन्ही पेट्रोल गाड्यांत दोन लिटरचेच इंजिन होते. पण ‘२००’ हा आकडा मोठ्या डब्ल्यू १२३ कडे आधीच असल्यामुळे धाकट्या गाडीला १९० म्हटले गेले. हे नावही नवे नव्हते, कारण पन्नाशीच्या आणि साठीच्या दशकांत कंपनीने ‘१९०’ नावाच्या सेदान आणि ‘१९० एसएल’ ही उघड्या टपाची गाडी विकलेली होती. कार्ब्युरेटरची साधी १९० ही ९० अश्वशक्तीची होती, तर इंधन फवारणीची ‘१९० ई’ १२२ अश्वशक्तीची. यातला ‘ई’ फवारणीसाठीच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे.

३. मर्सिडीजला लहान गाडी काढायला १९८२ साल का उजाडले? आधी कुणाला सुचलेच नाही का?

सुचले होते, आणि एकदा नव्हे तर अनेकदा. तिशीच्या दशकात कंपनीने मागे इंजिन असलेल्या १३० आणि १७० एच या लहान गाड्या विकून पाहिल्या, पण त्या फारशा चालल्या नाहीत. पन्नाशीच्या दशकात पुन्हा आराखडे झाले. १९५८ मध्ये कंपनीने ऑटो युनियन ही लहान गाड्या बनवणारी कंपनीच विकत घेतली, आणि लहान गाडीचा प्रश्न तिच्यावर सोपवून आपण मोठ्या गाड्या बनवाव्यात असा विचार काही काळ प्रबळ राहिला.

पुढे जे झाले ते गाड्यांच्या इतिहासातल्या गमतीदार वळणांपैकी एक आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात ऑटो युनियन टप्प्याटप्प्याने फोक्सवागनला विकली गेली, आणि तिच्याबरोबर मर्सिडीजच्या श्टुटगार्टमध्ये विकसित झालेले एक चार सिलिंडरचे इंजिन व त्यावर काम केलेले अभियंते लुडविग क्राउस हेही ऑटो युनियनच्या इंगोलश्टाटला गेले. ते इंजिन बसवून १९६५ मध्ये जी गाडी निघाली तिला जुने नाव नव्याने देण्यात आले: आउडी. म्हणजे ज्या लहान मर्सिडीजचा बेत रहित झाला, तिच्या सामानातून एक प्रतिस्पर्धी उभा राहिला. आउडी ८० आणि १९७५ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू ३ सीरिज यांनी सत्तरीच्या दशकात हा वर्ग काबीज केला, तेव्हा मर्सिडीजकडे दाखवायला काहीच नव्हते.

४. मग निर्णय कशामुळे झाला? अमेरिकेतल्या कायद्याचा उल्लेख नेहमी का येतो?

१९७३ च्या तेलसंकटामुळे इंधनाचा प्रश्न ऐरणीवर आला, हे खरे. पण तेलाचे भाव उतरल्यावर असे प्रश्न विसरले जातात. कायदा मात्र विसरता येत नाही. अमेरिकेने १९७५ मध्ये केलेल्या कायद्यानुसार प्रत्येक कंपनीने तिथे विकलेल्या सर्व गाड्यांच्या इंधनवापराची सरासरी काढली जाऊ लागली. १९७८ च्या गाड्यांसाठी ही सरासरी एका गॅलनला १८ मैल ठरली होती आणि १९८५ पर्यंत ती २७.५ मैलांवर न्यायची होती. ज्या कंपनीचा अमेरिकेतला नफा मोठ्या, जड गाड्यांवर अवलंबून होता तिच्यापुढे दोनच वाटा उरत होत्या: मोठ्या गाड्यांत डिझेल इंजिन बसवायचे, किंवा सरासरी इंधनवापर खाली आणणारी एखादी लहान गाडी काढायची. कंपनीने दोन्ही केले. एस-क्लासमध्ये डिझेल घालून ती अमेरिकेत विकणे हा पहिला उपाय, आणि १९० हा दुसरा.

५. विकासाचे काम कोणी केले आणि त्यात सर्वांत अवघड काय होते?

१९७४ मध्ये, हान्स शेरेनबर्ग विकास विभागाचे प्रमुख असताना, या गाडीची चाचपणी गंभीरपणे सुरू झाली. १९७७ मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेर्नर ब्राइटश्वेर्ट यांनी ती जबाबदारी घेतली, आणि पुढे तेच कंपनीचे अध्यक्ष झाले. बाह्यरूपाचे काम ब्रुनो साक्को यांच्या विभागाकडे होते.

शेरेनबर्ग यांचा आग्रह एकच होता: गाडी लहान असली तरी ती मर्सिडीजच वाटली पाहिजे. ऐकायला हे सोपे आहे, पण अभियंत्याच्या टेबलावर त्याचा अर्थ फार कडक होतो. गाडी हलकी झाली की रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा जास्त जाणवतो, कारण चाके व त्यांचे सामान यांच्या मानाने वरच्या सांगाड्याचे वजन कमी पडते. व्हीलबेस आखूड झाला की गाडी पुढे-मागे डोलू लागते. रिकामी गाडी आणि चार माणसे, सामान व भरलेली टाकी असलेली गाडी यांच्या वजनातला फरक मोठ्या गाडीत फारसा कळत नाही, लहान गाडीत मात्र तो चांगलाच जाणवतो. आराम, स्थैर्य आणि शांतता हे मर्सिडीजचे सगळे भांडवल, आणि वजन कमी केले की नेमक्या त्याच गोष्टी हातातून सुटतात. नवी गाडी म्हणजे जुन्या गाडीची लहान आवृत्ती, असे करून हे जमणारे नव्हते.

६. मागच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाके सांगाड्याला जोडणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या रचनेचे, एवढे कौतुक का होते?

या पानावरचे सर्वांत लांब उत्तर इथे देत आहोत, आणि ते योग्यच आहे.

त्याआधीच्या मर्सिडीज गाड्यांत मागचे प्रत्येक चाक एका तिरक्या बाहूवर बसवलेले असे. ही रचना साधी आणि टिकाऊ होती, पण तिच्यात एक खोट होती. चाक वरखाली होताना बाहूबरोबर त्याची दिशा व झुकावही बदलत असे. भर वेगात वळण घेताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला की वजन पुढे सरके, मागचा भाग उचलला जाई, मागची चाके किंचित बाहेर वळत आणि गाडीची शेपटी वळणाबाहेर जायला बघे. जड आणि लांब गाडीत हे सावकाश घडते आणि चालकाला सावरायला वेळ मिळतो. हलक्या आणि आखूड गाडीत तो मिळत नाही.

यावर अभियंत्यांनी शोधलेले उत्तर समजून घ्यायला भूमितीचा एक साधा नियम पुरेसा आहे. हवेत मोकळी असलेली कोणतीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते: तीन दिशांना सरकू शकते आणि तीन अक्षांभोवती फिरू शकते. दोन्ही टोकांना सांधा असलेला एक दांडा त्यातली एक हालचाल रोखतो. चाक ज्या ओतीव भागावर बसते त्याला असे पाच दांडे जोडले की पाच हालचाली बंद होतात आणि एकच उरते, ती म्हणजे चाकाचे वरखाली होणे. ही एकमेव हालचाल नेमक्या कोणत्या वाटेने व्हावी, हे पाचही दांड्यांची लांबी आणि त्यांची टोके कुठे बसवली आहेत यावरून ठरते. त्यामुळे ब्रेक लावताना, वेग घेताना आणि वळताना चाकाने कसे वागावे हे अभियंता बऱ्याच अंशी स्वतंत्रपणे ठरवू शकतो. एकाच बाहूच्या रचनेत ही मोकळीक नव्हती.

तत्त्व सोपे असले तरी योग्य जागा शोधणे हे चिकाटीचे काम होते. आठ मूळ रचना आणि त्यांचे एकूण ७७ प्रकार तपासल्यानंतर या पाच दांड्यांच्या रचनेवर शिक्कामोर्तब झाले. या कामात मानफ्रेड फॉन डेर ओहे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. १९८४ मध्ये आलेल्या मोठ्या डब्ल्यू १२४ ला हीच रचना मिळाली, त्यानंतर कंपनीच्या इतर गाड्यांनाही, आणि हळूहळू मागच्या चाकांसाठी अनेक दांड्यांची रचना वापरणे ही साऱ्या जगाचीच रीत झाली. एरवी मोठ्या गाडीतली नवी गोष्ट काही वर्षांनी लहान गाडीत उतरते. इथे ती धाकटीकडून थोरलीकडे गेली.

७. पुढच्या चाकांसाठीही काही नवे होते का?

होते, पण इतके मूलगामी नव्हते. खाली एक त्रिकोणी बाहू, वर धक्काशोषकाचा खांब आणि त्यापासून वेगळी ठेवलेली स्प्रिंग, अशी ती मांडणी होती. जागा कमी लागे आणि इंजिनाच्या भागात हात घालायला वाव राही.

८. गाडीचे रूप इतके साधे का ठेवले?

साक्को यांची एक ठाम भूमिका होती. कंपनीच्या एकाच काळातल्या लहान-मोठ्या गाड्या एकमेकींच्या बहिणी वाटल्या पाहिजेत, आणि नवी पिढी आली म्हणून आधीच्या पिढीची गाडी एका रात्रीत जुनाट दिसता कामा नये. मर्सिडीज दहा-पंधरा वर्षे वापरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दृष्टीने दुसऱ्या भागाला मोल होते. १९० मध्ये हे दोन्ही साधले. ती १९७९ च्या एस-क्लासची धाकटी बहीण वाटते, आणि दोन वर्षांनी आलेली डब्ल्यू १२४ हिचीच थोरली बहीण.

साधेपणामागे हिशेबही होता. मागे वर चढत गेलेली आणि वरच्या बाजूला निमुळती होणारी डिकी ही केवळ आवड नव्हती, तर हवा गाडीपासून नीट सुटावी यासाठीची तजवीज होती. हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.३३ पर्यंत उतरवण्यात तिचा वाटा होता. मागच्या दिव्यांच्या काचेवरच्या आडव्या पन्हळी पाहा. पावसाळी रस्त्यावर चिखल उडाला की उंच कडा माखतात, पण खोलगट भाग बराचसा स्वच्छ राहतो आणि दिवा दिसत राहतो. पुढच्या काचेवर दोनऐवजी एकच भलामोठा वायपर आहे. या गाडीत सजावट म्हणून लावलेली वस्तू शोधायला बसले तर नाकावरच्या चांदणीशिवाय फारसे काही हाती लागत नाही.

९. आकार कमी केल्याने सुरक्षिततेत तडजोड झाली का?

गाडी मोठ्या मर्सिडीजइतकीच सुरक्षित असावी, ही अट आराखड्यातच होती. वजन न वाढवता सांगाडा मजबूत करण्यासाठी अधिक ताकदीचे पोलाद वापरले गेले. एबीएस आणि एअरबॅग या गाडीतही जादा किंमत मोजून घेता येत, आणि या आकाराच्या गाडीत त्या काळी ही साधी बाब नव्हती.

१०. लोकांनी तिचे स्वागत केले का?

केले, पण नाक मुरडून. ‘बेबी बेंझ’ हे नाव आज लाडाचे वाटते, तेव्हा त्यात टोमणाही होता. टीकेला आधारही होता, हे मान्य केले पाहिजे. इतकी किंमत मोजल्यावर मूळ गाडीत चारच गिअर आणि हाताने फिरवायच्या काचा मिळत. बाकीच्या गोष्टींची यादी लांब होती आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे होते. खरी अडचण मात्र मागच्या सीटवर होती. पुढे उंच माणूस आपल्या सोयीने सीट सरकवून बसला की मागच्याचे गुडघे पुढच्या पाठीला टेकत, आणि मधोमध गेलेल्या शाफ्टच्या उंचवट्यामुळे तिसऱ्याने बसायचे म्हणजे पाय फाकवूनच बसावे लागे. पाच दांड्यांचे सस्पेन्शन कितीही श्रेष्ठ असले तरी शोरूममध्ये गिऱ्हाईक ते पाहत नाही. ते मागचे दार उघडून बसून पाहते. हा दोष आम्ही गौण मानत नाही.

११. डिझेल १९० चे वेगळेपण काय?

आवाज. १९८३ मध्ये आलेल्या ‘१९० डी’ मध्ये दोन लिटरचे ७२ अश्वशक्तीचे नवे इंजिन होते, आणि ते चारही बाजूंनी ध्वनिरोधक आवरणात बंद केलेले होते. डिझेल म्हणजे टॅक्सीचा खडखडाट असे समीकरण रूढ असलेल्या काळात तिला ‘कुजबुजणारी डिझेल’ म्हटले जाऊ लागले. वेग बेताचाच होता. पुढे १९८५ मध्ये पाच सिलिंडरचे अडीच लिटरचे डिझेल आले आणि त्यानंतर त्याची टर्बो आवृत्तीही निघाली.

१२. नार्दोचा विक्रम म्हणजे नक्की काय?

दक्षिण इटलीत नार्दो येथे सुमारे १२.६ किलोमीटर परिघाची वर्तुळाकार धावपट्टी आहे. तिचा बाहेरचा भाग इतका उचललेला आहे की साधारण २४० किलोमीटर वेगाला चालकाला स्टिअरिंग वळवावे लागत नाही. गाडी सरळ रस्त्यावर असल्यासारखी धावते. ऑगस्ट १९८३ मध्ये येथे ‘१९० ई २.३-१६’ या नव्या गाड्या धावल्या. त्यांच्या इंजिनाचे सोळा झडपांचे माथे (सिलिंडर हेड) इंग्लंडमधल्या कॉसवर्थ या कंपनीच्या मदतीने घडवलेले होते, आणि रस्त्यावरच्या गाडीची ताकद १८५ अश्वशक्ती होती. इंधन, टायर आणि चालक बदलण्यापुरते थांबत, रात्रंदिवस धावून, ५०,००० किलोमीटरचे अंतर ताशी सरासरी २४७.९ किलोमीटर वेगाने कापले गेले. एकूण वेळ लागला २०१ तास ३९ मिनिटे. गाडीचा अंतर्गत क्रमांकही २०१ असावा, हा निव्वळ योगायोग. पुढच्याच महिन्यात फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली.

१३. आयर्टन सेन्नाने याच गाडीत फॉर्म्युला वनच्या विजेत्यांना हरवले, हे खरे आहे का?

खरे आहे. नुरबुर्गरिंगच्या नव्या, छोट्या मार्गाच्या उद्घाटनानिमित्त १२ मे १९८४ रोजी एक शर्यत झाली. त्यात सर्वांना सारख्याच २.३-१६ गाड्या दिलेल्या होत्या आणि चालकांत अनेक माजी विश्वविजेते होते. फॉर्म्युला वनमधले पहिलेच वर्ष असलेला चोवीस वर्षांचा सेन्ना पहिला आला, निकी लाउडा दुसरा आणि कार्लोस रॉयटेमान तिसरा. ज्या नुरबुर्गरिंगच्या जुन्या मार्गावर १९७६ मध्ये लाउडा जळत्या गाडीतून वाचला होता, त्याच नुरबुर्गरिंगच्या नव्या मार्गावर त्याचा हा दुसरा क्रमांक आला, हेही लक्षात ठेवावे. सगळ्यांच्या हाती एकसारखी गाडी असल्यामुळे ही शर्यत सेन्नाविषयी जितके सांगते तितके गाडीविषयी सांगत नाही.

१४. ‘इव्होल्यूशन’ गाड्यांवर एवढा मोठा पंख कशासाठी होता आणि त्या ५०२ च का बनल्या?

बीएमडब्ल्यूने १९८६ मध्ये एम३ आणल्यावर जर्मन टूरिंग कार शर्यतींत चुरस वाढली. नियम असा होता की शर्यतीतल्या गाडीत करायचे बदल रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या किमान ५०० गाड्यांत असले पाहिजेत. म्हणून १९८९ मध्ये पहिली आणि १९९० मध्ये दुसरी इव्होल्यूशन निघाली, आणि प्रत्येकीच्या ५०२ गाड्या बनल्या. दुसरीचे इंजिन अडीच लिटरचे आणि २३५ अश्वशक्तीचे होते. तिचा तो भलामोठा पंख पाहून अनेकांनी हसून घेतले, पण त्यामागे श्टुटगार्ट विद्यापीठातील वायुगतिकीचे प्राध्यापक रिचर्ड एप्लर यांचे काम होते. १९९२ च्या मोसमात क्लाउस लुडविग विजेता ठरला, आणि दुसरा व तिसरा क्रमांकही मर्सिडीजच्याच चालकांकडे गेला.

साक्को यांनी मुद्दाम गप्प ठेवलेल्या गाडीला शेवटी ओरडायला लावले, असे आम्हाला या पंखाकडे पाहून वाटते.

१५. गाडी कुठे बनत होती?

आधी श्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेन येथे, आणि १९८३ च्या अखेरीपासून उत्तरेतल्या ब्रेमेनमध्येही. ब्रेमेनचा कारखाना पूर्वी बोर्गवार्ड या कंपनीचा होता, जी १९६१ मध्ये बुडाली होती. मध्यमवर्गासाठी उत्तम गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या जागेत मर्सिडीजची सर्वांत लहान सेदान बनू लागली, यात एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे आहे. १९९३ पर्यंत दोन्ही ठिकाणी मिळून सुमारे १८ लाख ८० हजार गाड्या तयार झाल्या.

१६. १९८८ मध्ये काय बदलले?

दारांच्या खालच्या भागावर रुंद पट्ट्या आल्या, ज्यांना जर्मन लोक थट्टेने ‘साक्कोच्या फळ्या’ म्हणत. बंपर बदलले आणि मागच्या सीटवर थोडी जागा वाढवण्यात आली. वर सांगितलेली तक्रार कंपनीपर्यंत पोहोचली होती, पण व्हीलबेस तोच असल्यामुळे फार काही करता येण्यासारखे नव्हते.

१७. विजेवर चालणारी १९० होती म्हणतात, ते कितपत खरे?

प्रयोग म्हणून होती. १९९० मध्ये हानोव्हरच्या प्रदर्शनात विजेवरची १९० दाखवली गेली. पुढे १९९२ पासून बाल्टिक समुद्रातल्या र्‍युगेन बेटावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या साठ विद्युत गाड्यांची चार वर्षे चाचणी झाली, तिच्यात १९० चाही समावेश होता. विक्रीसाठी ती कधीच आली नाही.

१८. ही गाडी भारतात बनली का?

१९० भारतात बनली नाही. पुण्याजवळ टेल्कोबरोबरच्या (पुढची टाटा मोटर्स) भागीदारीतून १९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली ती मोठ्या डब्ल्यू १२४ पासून. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा संबंध त्याआधीचा, १९५४ पासूनच्या जमशेदपूरच्या ट्रकांचा होता, पण मोटारगाडी मात्र पिंपरी-चिंचवडच्या आवारातूनच बाहेर पडली. तरीही १९० चा एक महत्त्वाचा भाग आपल्याकडे येऊन पोहोचला. पुण्या-मुंबईच्या एखाद्या गॅरेजमध्ये जुनी डब्ल्यू १२४ लिफ्टवर चढवलेली दिसली, तर मिस्त्रीला विचारून तिच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. वंगण आणि धूळ पुसली की दांडे एकेक करून मोजता येतात. त्यातला खालचा, ज्यावर स्प्रिंग टेकलेली असते, तो सर्वांत जाड असतो. उरलेले चार बोटभर जाडीचे, वेगवेगळ्या कोनांत गेलेले असतात. रबरी बुश झिजले असतील तर ते बदलावे लागतात, आणि त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी लागते.